आधी वळण मोजा, मग जहाज निवडा
मोठ्या जहाज-प्रतिकृतींबद्दल वाचकांचे प्रश्न

दीड-दोन मीटरच्या पुढच्या जहाज-प्रतिकृतींबद्दल किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : शाळेच्या सभागृहासाठी ‘आयएनएस विशाखापट्टणम’ची मोठी प्रतिकृती करायची आहे. दोन पालक सुतार आहेत, मुलं उत्साही आहेत. कुणी १:५० म्हणतं, कुणी १:१००. काय धरावं?
— एक शिक्षक, मालवण

टेप घेऊन आधी तीन गोष्टी मोजा. प्रतिकृती ज्या भिंतीशी राहणार ती भिंत, सभागृहाचं दार, आणि कामाच्या जागेपासून तिथपर्यंतच्या वाटेतलं सगळ्यात अरुंद वळण. मोठ्या प्रतिकृती बहुतेक या तिसऱ्या जागी अडकतात.

विशाखापट्टणम ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, रुंदी १७.४ मीटर, विस्थापन (म्हणजे तरंगणाऱ्या जहाजाचं एकूण वजन) सुमारे ७,४०० टन. १:१०० ला ती १ मीटर ६३ सेंमी होते, १:५० ला ३ मीटर २६ सेंमी लांब आणि जवळपास ३५ सेंमी रुंद. लांबी दुप्पट झाली की रंगवायचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि आकारमान आठपट. शिवाय १:५० ला माणूस साडेतीन सेंमीचा होतो, म्हणजे दरवाजे, कठडे, नांगराच्या साखळ्या हे सगळं बघणाऱ्याला स्पष्ट दिसणार. ते नसेल तर जहाज ओकंबोकं वाटतं. कठड्याला दर दीड मीटरला खांब धरला तरी दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या वर खांब होतात. मुलांच्या हातांना काम हवं असेल तर ही चांगलीच गोष्ट आहे. दोघा-तिघांनीच करायचं असेल तर १:१०० घ्या.

आमचं मत विचाराल तर सभागृहासाठी १:५० योग्य. मागच्या रांगेतूनही ती जहाज म्हणून दिसते. मात्र सांगाडा पहिल्या दिवसापासून दोन तुकड्यांत आखा. मधोमध, जिथे वरच्या बांधकामाची भिंत संपते तिथे, १८ मिमी मरीन प्लायचे दोन पडदे (बुडाला आडव्या भिंती) पाठीला पाठ लावून ठेवा. त्यांत चार एम-८ स्टेनलेस बोल्ट आणि जागेवर अचूक बसण्यासाठी १२ मिमीच्या दोन खुंट्या. दोन्ही पडद्यांना भोकं एकत्र, शिकंज्यात आवळून पाडायची. सांगाडा पूर्ण झाल्यावर करवतीने दोन तुकडे करायचा बेत करू नका. कापताच दोन्ही अर्ध्यांतला ताण सुटतो आणि ते परत एका रेषेत येत नाहीत.

युद्धनौकेच्या बुडाचे (जहाजाच्या मुख्य अंगाचे) खरे आराखडे मिळत नाहीत, आणि त्यांच्या मागे लागूही नये. जाहीर मापं आणि प्रसिद्ध झालेले फोटो यांवर प्रदर्शनाची प्रतिकृती उत्तम होते. बाजूने, लांबून घेतलेला फोटो मापाला धरा. जवळून घेतलेल्या फोटोत नाळ (जहाजाचं पुढचं टोक) फुगते आणि मागचा भाग आखडतो.

प्रश्न : ३ मीटरचं बूड प्लायच्या फासळ्यांवर सागाच्या पट्ट्या मारून केलं. पट्ट्या जुलैत बसवल्या. मार्चमध्ये रंगावर लांबच लांब रेघा उमटल्या आणि नाळेकडून बघितलं तर सगळं बूड किंचित पिळलेलं दिसतं. कुठे चुकलं?
— सुतारकाम करणारे एक वाचक, रत्नागिरी

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

रेघा पावसाळ्यातल्या कामामुळे आल्या. आपल्याकडे जुलैत उघड्यावर ठेवलेल्या लाकडात १६ ते १८ टक्के ओल असते, उन्हाळ्यात ती १२ च्या आसपास येते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, तरी ३० सेंमी रुंदीची सपाट कापाची (खोडाच्या वर्तुळांना स्पर्शून कापलेली) सागाची फळी एवढ्या फरकाने २ ते ३ मिमी आकसते. लांबीच्या दिशेने मात्र ती जवळजवळ हलतच नाही. तुमच्या पट्ट्या फुगलेल्या असताना एकमेकींना चिकटल्या, मग प्रत्येक पट्टी रुंदीत आकसली आणि सांधे उघडले. लाकडाचं काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवावं. पावसाळा छोट्या भागांसाठी ठेवा: तोफा, होड्या, कठडे.

रेघांचं दुसरं कारण आतल्या बाजूला आहे. बहुतेक जण बुडाला बाहेरून इपॉक्सी आणि काचकापड लावतात आणि आतलं लाकूड कोरडं सोडतात. मग ओल आतूनच ये-जा करते. बाहेरची बाजू बांधलेली, आतली मोकळी, आणि ताण सगळा सांध्यांवर. आतून पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यायलाच हवेत, फासळ्यांच्या कोपऱ्यांसकट. बाहेरून १०० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं काचकापड पुरतं.

इथे एक सावधगिरी. फायबरच्या होड्या करणारे कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांचा हात साफ असतो. पण त्यांचं नेहमीचं रेझिन पॉलिएस्टरचं असतं. लाकडावर ते नीट धरत नाही, तेलकट सागावर तर सुटतंच. इपॉक्सीच घ्या आणि लावण्याआधी साग ॲसिटोनने पुसून घ्या. रेझिन-हार्डनर उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात वजन करून मिसळा. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि ते उभ्या डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता. आपल्या उकाड्यात डब्यातलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं आणि काही मिनिटांत दगड होतं. दमट दिवशी सुकलेल्या थरावर चिकट, मेणचट साय येते. ती आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलटं केलंत तर साय घासली जाऊन थरात शिरते आणि वरचा रंग सालीसारखा निघतो.

आता पीळ. एक बाजू वरपासून खालपर्यंत पूर्ण करून मग दुसरी घेतली, की पहिल्या बाजूच्या पट्ट्या सुकताना सांगाड्याला आपल्याकडे ओढतात. एक पट्टी डावीकडे, तिची जोडीदार लगेच उजवीकडे, हा क्रम मोडायचा नाही. सांगाडा उलटा, सरळ लोखंडी चौकोनी पाइपवर (५० × ५० मिमी चालेल) बांधायचा. फासळ्या मधल्या भागात १५ सेंमीवर, नाळेत आणि मागे ७-८ सेंमीवर. पट्टी ४ मिमी जाड आणि १० मिमी रुंद. प्रत्येक फासळीवर मध्यरेषा आखून तिच्यावर नाळेपासून मागेपर्यंत दोरी ताणा आणि रोज काम थांबवताना पाणसळ लावून बघा. पाइपवरून सांगाडा काढायची घाई नको. बाहेरचं कापड आणि डेकची प्लाय बसेपर्यंत त्याला स्वतःची ताकद आलेली नसते.

पिळलेल्या बुडाचा पीळ काढता येत नाही. पण पाणरेषा (जहाज पाण्यात जिथवर बुडतं ती रेषा) नव्याने, पाण्याच्या पातळीला धरून आखली, आणि वरचं बांधकाम बुडाला न धरता त्या रेषेला धरून उभं केलं, तर ५-६ मिमीपर्यंतचा पीळ नजरेला कळत नाही. सागाऐवजी पुढच्या वेळी शिवण बघा. हलकी, कमी हलणारी आणि रंध्याला मऊ लाकूड आहे. रंग चढवायचाच असेल तर सागाचा खर्च कशाला?

प्रश्न : काचेच्या बंद पेटीतल्या जुन्या प्रतिकृतीच्या नांगरांवर आणि छोट्या तोफांवर पांढरी भुकटी आली आहे. पितळी कठड्यांवर हिरवे डाग आहेत. पेटी तर कधी उघडलेली नाही. मग हवा कुठून लागली?
— एक ग्रंथपाल, वेंगुर्ले

पेटी उघडली नाही, म्हणूनच हे झालं. नांगर आणि तोफा शिशाच्या ओतकामाच्या असणार. लाकूड, प्लाय, एमडीएफ, काही गोंद आणि रंग यांतून आंबट वाफा सतत थोड्या-थोड्या निघत असतात. उघड्यावर त्या उडून जातात, बंद पेटीत साठतात. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबतीला असला की शिशाचं हळूहळू पांढरं कार्बोनेट होतं. हा रोग जगभरच्या संग्रहालयांतल्या जहाज-प्रतिकृतींना झालेला आहे. सुरू झाला की आतपर्यंत जातो आणि शेवटी नांगर बोटात चुरतो.

ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, सुका ब्रश फिरवू नका, मुलांना हात लावू देऊ नका. रबरी हातमोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडकं घरच्या कचऱ्यात न टाकता बंद पिशवीत वेगळं ठेवा. शिशाचे भाग काढून त्यांचा साचा घ्या आणि रेझिनमध्ये किंवा शिसं नसलेल्या कथलाच्या मिश्रधातूत नवे ओता. जुने भाग ऐतिहासिक मोलाचे असतील तर ते वेगळ्या काचेच्या बरणीत, नोंद करून ठेवा.

पेटीचे सांधे कशाने भरलेत तेही बघा. भरताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्याने सुरुवातीला भरपूर ॲसिटिक आम्ल सोडलं असणार. दुकानात ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन मागा. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर आजच काढा. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे भाग मऊ पडतात.

कठड्यांवरचे हिरवे डाग बहुधा सोल्डरने सांधे जोडताना लावलेल्या आम्लयुक्त फ्लक्सचे (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या द्रव्याचे) आहेत. फ्लक्स सांध्यात राहिला की खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात वर येतो. कठडे सुटे होत असतील तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, पूर्ण वाळवा आणि मग लाखेचा पारदर्शक हात द्या. नव्या कामात राळेचा फ्लक्स वापरा.

पेटीत शिसं नसेल तर पेटी जितकी घट्ट तितकी चांगली. पण सिलिका जेलची पुडी टाकली की ओल गेली, असा समज दिसतो. हिशेब करून बघा. ३.६ × ०.६ × १.१ मीटरच्या पेटीत सुमारे २.४ घनमीटर हवा बसते. ३० अंशांवर ९० टक्के आर्द्रतेला त्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम ६५ ग्रॅम पाणी असतं. आतल्या २५-३० किलो लाकडात मात्र पावसाळा आणि उन्हाळा यांच्यात किलोभराहून जास्त पाण्याचा फरक पडतो. दोन किलो कोरडं जेल जेमतेम चारपाचशे ग्रॅम पाणी धरतं. म्हणून पहिला उपाय लाकडाला सगळीकडून इपॉक्सी, दुसरा पेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळं कोरडं असताना बंद करणं, आणि जेल तिसरा. जेलसाठी पेटीच्या तळाखाली बाहेरून उघडणारा खण करा. ४-५ किलोचे दोन संच ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला अदलाबदल करा. ओलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाचं होतं.

आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर स्थिर राहिली की पुरे. ४० पर्यंत खाली आणण्याच्या नादात लाकूड तडकतं. आर्द्रतामापक खरं दाखवतो का, ते घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून चिखलासारखं करा, मापकासोबत घट्ट डब्यात १०-१२ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवलं पाहिजे. जे कमी-जास्त दाखवेल तेवढा फरक कायम धरून चाला.

प्रश्न : एवढ्या मोठ्या पेटीला काच घ्यावी की ॲक्रिलिक?
— रत्नागिरी आणि चिपळूणहून दोन वाचक

वरच्याच मापाच्या पेटीला वरचं छत धरून साडेअकरा चौरस मीटर लागतं. ६ मिमी काचेचं वजन १७० किलोवर जातं, तेवढ्याच जाडीच्या ॲक्रिलिकचं ८० किलोच्या आसपास राहतं. पण ॲक्रिलिकचा पत्रा ८ × ४ फुटांचा येतो, त्यामुळे लांब बाजूला सांधा येणारच. २० अंशांच्या फरकाने तो पत्रा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून चौकटीत घट्ट बसवला तर फुगून वाकतो. त्याला चरे पडतात आणि स्पिरिट किंवा काच पुसायच्या द्रवाने बारीक तडे जातात. तो फक्त साबणाच्या पातळ पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसायचा.

जमिनीवर कायम राहणाऱ्या पेटीला आम्ही टफन्ड काच सांगू. लांब बाजू १.२ मीटरच्या तीन तुकड्यांत घ्या. एक तुकडा २० किलोचा होतो, दोन माणसं आरामात लावतात आणि एक फुटला तर एकच बदलावा लागतो. फिरत्या प्रदर्शनाला ॲक्रिलिक. पेटी समुद्राकडच्या पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे डबे) पेटीच्या बाहेर ठेवा.

प्रश्न : मराठा आरमारातल्या गुराबेची दोन मीटरची प्रतिकृती करायची आहे. खरा आराखडा कुठे मिळेल? शिडांना आणि दोरांना काय वापरावं?
— देवगड

मोजून काढलेल्या रेषाचित्रासारखा आराखडा गुराबेसाठी हाताशी नाही. भरवशाचं वर्णन आहे ते अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. मध्यभागी चांगली रुंद, पुढे निमुळती होत गेलेली. नेहमीच्या नाळेऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखा (वल्ह्यांच्या युद्धनौकेसारखा) पुढे आलेला सोंडेसारखा भाग. त्याच्या मागच्या आडव्या पडद्यात दोन झरोके, आणि त्यांतून सोंडेवरून समोर मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. सोबत गलबत करणार असाल तर ते याच घडणीचं पण लहान, सहसा ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं, आणि मोठ्या डोलकाठीवर एक प्रचंड तिकोनी शीड असलेलं.

एवढ्यावर बूड उभं करता येतं, पण लांबी-रुंदीचं प्रमाण तुम्हाला ठरवावं लागेल. लांबी ३० मीटर धरलीत तर १:१५ ला दोन मीटर होते. प्रतिकृतीच्या पाटीवर कोणते भाग वर्णनातून आले आणि कोणते अंदाजाने केले, हे स्वच्छ लिहा. बघणाऱ्या मुलांना ती पाटी हेच पुस्तक असतं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत, ते जरूर बघा. फळ्यांची जोडणी मात्र आजच्या लाकडी होड्यांवरून शिका, खिळ्यांच्या ओळी आणि फळ्यांच्या टोकांचे सांधे किती अंतरावर येतात ते मोजून घ्या.

आराखड्यासकट सागवानी जहाज हवं असेल तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) घ्या. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. तोफांच्या डेकवर सुमारे ४६ मीटर, म्हणजे १:२४ ला १ मीटर ९० सेंमी.

दोर सुती नकोत. ओल लागली की सुती दोर आखडतो आणि डोलकाठीचं टोक ओढतो, उन्हाळ्यात तोच सैल पडून लोंबतो. पॉलिस्टरचा मंद चमकेचा धागा वळून वापरा. चमक घालवायला मधमाशीच्या मेणातून ओढून घ्या. शिडांना मांजरपाट या मापाला जाड दिसतो, जुनी धुतलेली मलमल बरी. शिडं परभाणाला (शीड टांगायच्या आडव्या काठीला) गुंडाळून बांधली तर त्यांवर धूळही कमी बसते.

प्रश्न : गणपतीच्या देखाव्यासाठी तीन आठवड्यांत बारा फुटी गलबत. थर्माकोल चालत नाही. मग कशाचं?
— गुहागर

राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, आणि बांबू असताना त्याची गरजही नाही. फासळ्या बांबूच्या कामट्यांच्या, दर फुटाला एक, कण्याला अख्खा बांबू. वर खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या ४ सेंमी पट्ट्या, त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेलं तागाचं कापड. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर उंदीर आणि झुरळं विसर्जनापर्यंत थांबणार नाहीत. मोरचूद विषारी आहे, खळीचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका. श्रावणातल्या ओलीत जाड थर सुकत नाही आणि आतून कुजतो, तेव्हा एक थर, पंखा, मग दुसरा थर. निरांजन आणि समईपासून गलबत हातभर लांब ठेवा.

प्रश्न : विनाशिकेची ३ मीटरची प्रतिकृती खाडीत चालवता येईल का?
— अलिबाग

येईल, पण ती प्रदर्शनाच्या प्रतिकृतीपेक्षा वेगळी बांधावी लागते. १:५० ची विशाखापट्टणम बरोबर पाणरेषेवर बसायला एकूण वजन ५९ किलो लागतं. लाकडी प्रतिकृती २५-३० किलोची होते, उरलेलं वजन बॅटऱ्या आणि भार मिळून कण्याजवळ, तळाशी ठेवायचं. वेग खऱ्याचा पन्नासावा भाग ठेवू नका. तो प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचा: ३० नॉट्सचे सव्वाचार नॉट्स, सेकंदाला दोन मीटरहून थोडा जास्त. तेव्हाच नाळेशी उठणारी लाट खऱ्यासारखी दिसते. खाडीत ओहोटीची ओढ याहून जोरदार असू शकते, म्हणून भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असताना किंवा तळ्यातच चालवा. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, शाफ्टच्या नळीत नवं ग्रीस भरा.

प्रश्न : प्रदर्शनासाठी प्रतिकृती टेम्पोने मुंबईला न्यायची आहे. बांधाबांध कशी करावी?
— दापोली

बुडाला बाहेरून दोऱ्या आवळू नका. धक्क्यांनी दोरी रंग कापते आणि कठडे उडवते. प्रतिकृती आतून धरलेली हवी. कण्यात आधीच बसवलेले एम-१० चे नट असतील तर त्यांतूनच पेटाऱ्याच्या तळाला बोल्टने घट्ट करा. तीन मीटरच्या जहाजाला हे आधार टोकांपासून ७० सेंमीवर ठेवा. आधार अगदी टोकांना असले तर मध्य लोंबतो, मध्यात असले तर टोकं झोके घेतात.

पेटारा थेट टेम्पोच्या पत्र्यावर नको. खाली १० सेंमी जाड, दाबला तर हळू परत येणाऱ्या फोमच्या पट्ट्या घाला, सबंध गादी नको. गादी पसरली तर वजन विखुरून फोम दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा वर पोचतो. पेटारा चाकांच्या मधोमध, लांबी गाडीच्या लांबीला धरून. डोलकाठ्या, रडारचे खांब, अँटेना सुटे करून वेगळ्या खोक्यात, प्रत्येकावर चिठ्ठी. उरलेल्या उंच भागांना मऊ सुती फीत चारी बाजूंनी, फक्त हलणार नाही इतकीच. पेटारा प्लास्टिकने बाहेरून गुंडाळा, आतून नाही. आतून गुंडाळलं तर उन्हात तापलेल्या टेम्पोत लाकडातली वाफ प्लास्टिकखाली कोंडते आणि ताज्या रंगावर पांढुरके चट्टे उमटतात. रंग पूर्ण मुरायला निदान तीन आठवडे दिलेले असावेत. पोचल्यावर पेटारा त्या खोलीत बंदच ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडा, विशेषतः तिथे वातानुकूलन असेल तर.